चमचा, मेणबत्ती आणि मूत्रपिंड

लंडनमधील गाइज रुग्णालयात १८२० च्या दशकात एक साधी तपासणी सुरू झाली. अंगावर सूज घेऊन आलेल्या रुग्णाची थोडी लघवी चमच्यात घ्यायची आणि तो चमचा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचा. निरोगी माणसाची लघवी तापली तरी नितळ राहते. या रुग्णांपैकी काहींची मात्र तापताच गढूळ होई, तिच्यात पांढरट ढग दाटत आणि उकडलेल्या अंड्यात बलकाभोवती असतो तसा पांढरा साका चमच्यात गोठून राही. असा साका दिसलेला रुग्ण पुढे दगावला, तर त्याच्या मूत्रपिंडांत काय सापडेल याचा अंदाज डॉ. रिचर्ड ब्राइट यांना शवविच्छेदनापूर्वीच आलेला असे. खाटेवरचा रुग्ण, चमच्यातील लघवी आणि विच्छेदनगृहातील मूत्रपिंड या तीन गोष्टी एका दोऱ्यात ओवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. आज कोणत्याही पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत लघवीतील प्रथिने तपासण्यासाठी रंग बदलणारी पट्टी बुडवतात, ती त्या चमच्याचीच वंशज आहे.

ब्राइट यांचा जन्म २८ सप्टेंबर १७८९ रोजी इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिस्टल या बंदरात झाला. वडील सधन व्यापारी आणि पेढीवाले. घराण्याची संपत्ती मुख्यतः वेस्ट इंडीजच्या व्यापारातून आलेली होती, म्हणजे तिच्यामागे गुलामांचे कष्ट होते, हेही नोंदवायला हवे. मुलाला पोटासाठी धडपडण्याची गरज नव्हती. १८०८ मध्ये तो एडिंबरा विद्यापीठात दाखल झाला तो तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र आणि गणित शिकण्यासाठी. वर्षभराने त्याने वैद्यकाची वाट धरली. पण ती वाट सरळ धरली असे म्हणता येणार नाही.

१८१० च्या उन्हाळ्यात सर जॉर्ज मॅकेंझी आणि हेन्री हॉलंड यांच्यासह तो आइसलँडला गेला. उकळत्या पाण्याचे फवारे, गंधकाच्या वाफा आणि हेक्ला हा ज्वालामुखी पाहून ही मंडळी परतली. त्या प्रवासाच्या पुस्तकातील वनस्पती आणि प्राण्यांविषयीच्या नोंदींत ब्राइट यांचा वाटा होता. ब्रिस्टलच्या परिसरातील खडकांच्या थरांवरही त्यांनी निबंध लिहिला. पाहिलेल्या वस्तूचे चित्र स्वतः काढायचे, ही सवय याच वयातली. पुढे मूत्रपिंडाच्या पृष्ठभागावरील बारीक दाणे त्यांना दिसले ते या सवयीमुळे, असे मानण्यास जागा आहे. खडकाच्या थराकडे पाहणारा डोळा अवयवाकडेही त्याच बारकाईने पाहतो.

आइसलँडहून आल्यावर त्यांनी दोन वर्षे गाइज रुग्णालयात काढली. तेथे प्रख्यात शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांच्याकडून त्यांनी शरीररचनेचे धडे घेतले. १८१३ मध्ये एडिंबऱ्याची एम. डी. पदवी मिळाली. मग युरोपचा प्रवास सुरू झाला. नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपचा नकाशा पुन्हा आखण्यासाठी व्हिएन्नात राजेमहाराजे आणि मुत्सद्दी जमले होते, त्या १८१४-१५ च्या हिवाळ्यात ब्राइट तेथेच होते. मेजवान्या त्यांनी पाहिल्या, पण रुग्णालयेही पाहिली, आणि वसंत ऋतूत हंगेरीत उतरले. या प्रवासावरचे त्यांचे पुस्तक १८१८ मध्ये त्यांच्या स्वतःच्या रेखाटनांसह प्रसिद्ध झाले. शेती, द्राक्षमळे, कुळांची स्थिती, बालातोन सरोवर हे सारे त्यात आहेच. शिवाय तेथील भटक्या रोमा लोकांविषयी आणि त्यांच्या भाषेविषयीही त्यांनी आस्थेने लिहिले. ही भाषा मूळची आपल्याकडची. पाण्याला ती पाणीच म्हणते. परतीच्या वाटेवर ते ब्रुसेल्सला पोहोचले तेव्हा वॉटर्लूच्या लढाईला जेमतेम पंधरवडा उलटला होता आणि शहरातील रुग्णालये जखमी सैनिकांनी भरली होती.

लंडनला आल्यावर त्यांनी तापाच्या रुग्णालयात नोकरी धरली. तेथेच त्यांना तापाने गाठले आणि ते मरता मरता वाचले. १८२० मध्ये ते गाइजमध्ये साहाय्यक वैद्य झाले, १८२४ मध्ये पूर्णवेळचे वैद्य. दिवसाचे सुमारे सहा तास ते वॉर्डात आणि विच्छेदनगृहात घालवीत. खासगी व्यवसायातून पैसा मिळवणाऱ्या त्या काळच्या लंडनच्या वैद्यांमध्ये ही गोष्ट काहीशी विचित्रच होती. विच्छेदनगृह म्हणजे दुर्गंधीचे आणि संसर्गाचे घर. हातमोजे नव्हते, जंतुनाशके नव्हती, वीज नव्हती.

अंगावर पाणी चढणे हा तेव्हा एक स्वतंत्र रोग मानला जाई. पाय सुजतात, डोळ्यांखाली फुगवटा येतो, पोटात पाणी साठते, शेवटी छातीत साठून श्वास कोंडतो. हे पाणी कोठून येते, याविषयी एकवाक्यता नव्हती. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये फॉक्सग्लव्ह या वनस्पतीच्या पानांचा उपयोग दाखवून दिला होता. त्या पानांनी काही रुग्णांची सूज झपाट्याने उतरे, काहींवर काडीचा परिणाम होत नसे. ज्यांचे हृदय थकले होते त्यांना गुण येई. मग उरलेल्यांचे काय बिघडले होते?

लघवी पाहून रोग ओळखण्याची परंपरा अर्थातच फार जुनी. चरक आणि सुश्रुत यांनी प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि त्यांची ओळख मुख्यतः लघवीच्या रंगरूपावर बेतलेली आहे. मध्ययुगीन युरोपात काचेच्या कुपीत लघवी धरून तिच्याकडे पाहणारा माणूस हे वैद्याचे चित्रच ठरून गेले होते. पुढे तिचा रंग पाहून भविष्य सांगण्यापर्यंत भोंदूंची मजल गेली आणि लघवीतपासणीच बदनाम झाली. सूज आलेल्या रुग्णाची लघवी तापवल्यावर गोठते, हे इटलीच्या कोतुन्यो यांनी १७६४ मध्ये नोंदवले होते. इंग्लंडमध्ये वेल्स आणि ब्लॅकॉल यांनीही ते पाहिले होते. सूज आणि गोठणारी लघवी यांची जोडी वैद्यांच्या समोर होती. तिसरा दुवा, म्हणजे बिघडलेले मूत्रपिंड, कोणी ठामपणे त्यांना जोडला नव्हता. ब्राइट यांनी आपल्या पूर्वसूरींचे ऋण मान्य केले आणि तो दुवा जोडला.

तो का जुळतो, हे समजण्यासाठी मूत्रपिंडाचे काम पाहावे लागेल. ब्राइट यांना स्वतःला यातील बरेचसे माहीत नव्हते.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या आडोशाला, घेवड्याच्या बीच्या आकाराचे दोन अवयव असतात. लांबी दहा-बारा सेंटीमीटर, वजन प्रत्येकी सुमारे दीडशे ग्रॅम. शरीराच्या वजनाच्या मानाने नगण्य असलेल्या या जोडीकडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा वळतो, म्हणजे दर मिनिटाला लिटरभर. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण १० लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे केशवाहिन्यांचा एक बारीक गुच्छ, त्याला कवेत घेणारी वाटी आणि त्या वाटीतून निघणारी नागमोडी नळी. रक्त गुच्छात शिरते, त्याच्या दाबाने पाणी, क्षार, साखर, युरिया असे लहान रेणू गाळले जाऊन वाटीत उतरतात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने मागे राहतात. अशा रीतीने दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. एवढी लघवी झाली असती तर माणूस तासाभरात कोरडा पडला असता. पण पुढची नळी त्यातला ९९ टक्के भाग परत रक्तात घेते. साखर जवळजवळ सगळी परत, मीठ आणि पाणी गरजेपुरते, युरियाला मात्र मोठ्या प्रमाणात बाहेरची वाट. दिवसाकाठी जे दीड-दोन लिटर उरते ते सुमारे पंचवीस-तीस सेंटीमीटर लांबीच्या दोन मूत्रवाहिन्यांतून थेंबाथेंबाने मूत्राशयात उतरते. मूत्रवाहिनी ही नुसती नळी नव्हे. तिच्या भिंतीचे स्नायू लाटेसारखे आकसत जातात, म्हणून माणूस आडवा झोपला तरी लघवी पुढेच सरकते. मूत्राशयात चार-पाचशे मिलिलिटर साठले की ताण असह्य होतो.

या रचनेत सर्वांत नाजूक भाग म्हणजे गुच्छाची गाळणी. ती फाटली किंवा सुजली की अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन लघवीत निसटते. अंड्याच्या पांढऱ्या भागासारखेच तेही उष्णतेने गोठते, आणि चमच्यात दिसतो तो त्याचाच साका. अल्ब्युमिनचे एक मोठे काम म्हणजे पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवणे. ते कमी झाले की पाणी वाहिन्यांबाहेर झिरपते. त्यात आजारी मूत्रपिंड मीठही बाहेर टाकेनासे होते, आणि मिठामागे पाणी साठते. सकाळी उठल्यावर पापण्या जड, संध्याकाळी घोट्यांवर बोट दाबले तर खळगा, लघवीला न विरणारा फेस, ही सारी त्या फुटक्या गाळणीची बाहेर दिसणारी चिन्हे.

१८२७ मध्ये ब्राइट यांनी आपल्या निवडक रुग्णांचा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. प्रत्येक रुग्णाची हकीकत, लघवीची तपासणी, मृत्यूनंतर आढळलेले बदल आणि सोबत फ्रेडरिक से या चित्रकाराने काढलेली मूत्रपिंडांची रंगीत चित्रे. कुठे पृष्ठभाग पिवळसर आणि ठिपक्यांचा, कुठे बारीक रव्यासारखा दाणेदार, कुठे सारे मूत्रपिंड आक्रसून कठीण झालेले. मूत्रपिंडाच्या बिघाडाची तीन रूपे त्यांनी वेगळी काढली. तीन वेगवेगळे रोग, की एकाच रोगाच्या तीन पायऱ्या, याचा निवाडा मात्र त्यांनी घाईने केला नाही. त्यांच्या हाती सूक्ष्मदर्शकातून पातळ काप पाहण्याचे तंत्र नव्हते. उघड्या डोळ्यांना जे दिसले तेवढेच त्यांनी लिहिले. तेवढे पुरेसे ठरले.

रसायनशास्त्राची बाजू जॉन बोस्टॉक यांनी सांभाळली. परागकणांमुळे दर उन्हाळ्यात येणाऱ्या शिंका आणि डोळ्यांची जळजळ यांचे पहिले नीट वर्णन करणारे ते हेच बोस्टॉक. ब्राइट यांच्या रुग्णांची लघवी आणि रक्त त्यांनी तपासले. लघवीत अल्ब्युमिन अधिक आणि युरिया कमी, रक्तात अल्ब्युमिन कमी आणि युरियासारख्या पदार्थाचा माग. जे बाहेर जायचे ते आत राहात होते आणि जे आत राहायचे ते बाहेर जात होते. प्रेव्हो आणि द्यूमा यांनी १८२१ मध्ये प्राण्यांची मूत्रपिंडे काढून टाकून रक्तातील युरिया वाढतो हे दाखवले होते. गाइजच्या खाटांवर निसर्ग तोच प्रयोग माणसांवर करीत होता.

या काळात गाइजमध्ये एकाच वेळी तीन असामान्य वैद्य होते. ब्राइट यांच्याखेरीज दुसरे टॉमस अ‍ॅडिसन. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा आजार त्यांच्या नावाने ओळखला जातो. तिसरे टॉमस हॉजकिन. लसिका ग्रंथींच्या एका कर्करोगाला त्यांचे नाव मिळाले, आणि रुग्णालयाचे संग्रहालय त्यांच्याच देखरेखीखाली होते. अ‍ॅडिसन तुटक आणि करारी, हॉजकिन तत्त्वासाठी वरिष्ठांशी भांडणारे, ब्राइट शांत आणि सौम्य. तिघांची कीर्ती मृतदेहाकडे पाहून जिवंत माणसाचा रोग समजून घेण्यावर उभी आहे.

ब्राइट यांच्या घरात मृत्यूने आधीच एक फेरी मारली होती. १८२२ मध्ये त्यांचा विवाह त्यांचे गुरू विल्यम बॅबिंग्टन यांची कन्या मार्था हिच्याशी झाला. पुढच्याच वर्षी मुलाच्या जन्मानंतर थोड्याच अवधीत ती वारली. १८२६ मध्ये त्यांनी एलायझा फॉलेट यांच्याशी दुसरा विवाह केला. मूत्रपिंडांवरचा तो मोठा ग्रंथ या दुसऱ्या संसाराच्या सुरुवातीच्या महिन्यांत पुरा झाला.

आता खरी अडचण. रोग ओळखता आला, उपचाराचे काय? ब्राइट यांच्याजवळ होते ते इतरांजवळ होते तेच. शीर तोडून रक्त काढणे, जुलाब, घाम आणणारी औषधे, दुधाचा आहार, उबदार कपडे, अंथरुणात विश्रांती. पारा त्या काळी सर्रास दिला जाई, आणि तो मूत्रपिंडांना घातक. विश्रांती आणि आहार सोडल्यास यांतील बहुतेक उपाय निरुपयोगी होते. रक्तहीन होत चाललेल्या रुग्णाचे आणखी रक्त काढणे तर उलटेच. निकामी मूत्रपिंड रक्तपेशी वाढवणारे संप्रेरक पुरेसे बनवत नाही, म्हणून हे रुग्ण फिकट दिसतात. ब्राइट यांनी तो फिकटपणा टिपला होता, त्याचे कारण विसाव्या शतकात कळले. आपल्या उपचारांनी रोग बरा होतो असा दावा त्यांनी केला नाही. आजार मुरला की आशा थोडी, हे ते लिहीत राहिले. रोगाचे नाव सांगता येते पण रोग हलत नाही, ही स्थिती वैद्याला लाज आणणारी मानली जाई. प्रतिष्ठित वैद्य तेव्हा औषधांच्या लांबलचक याद्या देऊन ती झाकीत. ब्राइट यांनी ती झाकली नाही. त्यांच्या ग्रंथांचे वजन त्यांनी लावलेल्या शोधाइतकेच या संयमात आहे.

१८३६ मध्ये गाइज रुग्णालयाने स्वतःचे वैद्यकीय नियतकालिक काढले आणि ब्राइट यांनी त्यात शंभर रुग्णांचा तक्ता छापला. मोजून, ओळीने, एकेकाच्या अवयवांची नोंद. या तक्त्यात एक चमत्कारिक गोष्ट उठून दिसली. मूत्रपिंडे आक्रसलेल्या अनेकांचे हृदय मोठे झाले होते, विशेषतः डावा कप्पा जाड झाला होता, आणि तेही झडपा निर्दोष असताना. ब्राइट यांनी दोन शक्यता मांडल्या. अशुद्ध झालेले रक्त हृदयाला डिवचत असावे, किंवा ते बारीक वाहिन्यांतून सहज जात नसल्याने हृदयाला अधिक जोर लावावा लागत असावा. दुसरा तर्क जवळजवळ अचूक होता. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रीवा-रोच्ची यांचे यंत्र १८९६ मध्ये आले. त्याच्या साठ वर्षे आधी, केवळ मेलेल्यांची हृदये पाहून, उच्च रक्तदाबाची चाहूल या माणसाला लागली होती.

१८४२ चे वर्ष या कथेत फार गजबजलेले आहे. त्या उन्हाळ्यात गाइजने सहा महिन्यांसाठी ४२ खाटांचे दोन वॉर्ड, पुरुषांचा एक आणि स्त्रियांचा एक, केवळ मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी ब्राइट यांच्या हवाली केले. लगतच प्रयोगशाळा आणि सल्लामसलतीची खोली. एकाच अवयवाच्या आजारासाठी खाटा, रसायनतज्ज्ञ आणि तरुण वैद्य एका छताखाली आणण्याची ही कल्पना तेव्हा नवी होती. आजच्या नेफ्रॉलॉजी विभागाचा पहिला मसुदा तो हाच.

त्याच वर्षी थेम्सच्या पलीकडच्या तीरावर, किंग्ज कॉलेजमधील पंचविशीतले विल्यम बोमन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगी यांनी १६६६ मध्ये मूत्रपिंडात सफरचंदाच्या झाडावरील फळांसारखे लोंबणारे बारीक गोळे पाहिले होते. ते कशासाठी, हे पावणेदोनशे वर्षे कोणाला उलगडले नव्हते. बोमन यांनी वाहिन्यांत रंग भरून दाखवले, की तो गोळा म्हणजे केशवाहिन्यांचा गुच्छ असून त्याभोवतीची वाटीच पुढे मूत्रनलिका होते. तिला बोमनची वाटी हे नाव पडले. जर्मनीतील मारबुर्ग येथे कार्ल लुडविग यांनी त्याच वर्षी असे मांडले, की रक्ताच्या दाबाने या गुच्छात द्रव गाळला जातो आणि पुढच्या नळीत तो आटतो. एका वर्षात, तीन ठिकाणी, रुग्ण, रचना आणि कार्य. लुडविग यांचे म्हणणे मात्र लगेच मान्य झाले नाही. १९२४ मध्ये फिलाडेल्फियात वर्न आणि रिचर्ड्स यांनी बेडकाच्या मूत्रपिंडातील एकेका वाटीत काचेची अतिसूक्ष्म नळी खुपसून आतला थेंब बाहेर काढला, तेव्हा तो वाद बराचसा मिटला.

गाइजमधून निवृत्त झाल्यावर ब्राइट खासगी व्यवसायात गुंतले. ते राणी व्हिक्टोरियाच्या वैद्यांपैकी एक होते. सेव्हिल रो या प्रतिष्ठित रस्त्यावर त्यांचे घर होते आणि बड्या बड्या घरांतून त्यांना बोलावणी येत. त्यांच्या शेवटच्या वर्षांत नव्याने सांगण्यासारखे फार काही नाही. १६ डिसेंबर १८५८ रोजी अल्पशा आजारानंतर त्यांचे निधन झाले. हृदयातील महारोहिणीची झडप आकुंचन पावली होती. केन्सल ग्रीन येथे त्यांना पुरले. त्यांचा एक मुलगा पुढे नामांकित इतिहासकार झाला, दुसरा वैद्य.

त्यांचे नाव मात्र रोगाच्या रूपाने घरोघर पोहोचले, आणि ते भयाने उच्चारले जाई. ब्राइटचा रोग म्हटले की नातेवाईक समजून जात. १४ फेब्रुवारी १८८४ रोजी न्यूयॉर्कमध्ये थिओडोर रूझवेल्ट यांची तरुण पत्नी अ‍ॅलिस, पहिल्या मुलीला जन्म देऊन दोन दिवस होत नाहीत तोच, याच रोगाने गेली. गरोदरपणात पायांवर सूज येणारच, असे मानले गेल्याने मूत्रपिंडाचा आजार त्याआड दडून राहिला. त्याच घरात त्याच दिवशी रूझवेल्ट यांची आईही विषमज्वराने वारली. गरोदर स्त्रीची लघवी प्रत्येक भेटीत तपासण्याचा आज जो दंडक आहे, त्यामागे असे किती मृत्यू आहेत याची मोजदाद नाही.

गाइजमध्ये ब्राइट यांचे काम पुढे नेणाऱ्यांपैकी एकाचे मूळ आपल्या देशात होते. फ्रेडरिक अकबर महोमेद यांचे आजोबा दीन महोमेद पाटण्याचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्कराबरोबर वाढलेला हा माणूस पुढे इंग्लंडला गेला आणि ब्रायटनला वाफेची स्नानगृहे काढून साहेबांची चंपी करू लागला. इंग्रजीतला शॅम्पू तो याच चंपीतून. त्यांचा नातू गाइजमध्ये वैद्य झाला. मनगटाच्या नाडीचा आलेख काढणारे यंत्र सुधारून त्याने १८७० च्या दशकात दाखवून दिले, की अनेक रुग्णांत लघवीत अल्ब्युमिन दिसण्यापूर्वीच रक्ताचा दाब वाढलेला असतो. मूत्रपिंडांमुळे हृदय बिघडते, असे ब्राइट यांनी सुचवले होते. दाब आधी वाढून मूत्रपिंडे नंतरही बिघडू शकतात, ही दुसरी बाजू या तरुणाने मांडली. १८८४ मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, विषमज्वराने तो गेला. त्याचे नाव आज वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असते, ही खेदाची गोष्ट आहे.

ब्राइटचा रोग हे नाव आता पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ गेले आहे. त्या एका नावाखाली अनेक निरनिराळे आजार होते, हे सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढून पाहता येऊ लागल्यावर स्पष्ट झाले. घशाच्या संसर्गानंतर उद्भवणारा दाह वेगळा, मधुमेहाने होणारा ऱ्हास वेगळा, उच्च रक्तदाबाने आक्रसणारे मूत्रपिंड वेगळे. उपचारही आले. नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी जर्मन ताब्यातील कांपेन गावी १९४३ मध्ये सेलोफेनच्या नळ्यांचे डायलिसिस यंत्र वापरून पाहिले. त्याच्या साहाय्याने पहिला रुग्ण वाचला तो १९४५ मध्ये. १९५४ मध्ये बॉस्टनला एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवण्यात आले आणि ते चालले.

गाइजच्या आवारातील गॉर्डन संग्रहालयात ब्राइट यांच्या काही रुग्णांची मूत्रपिंडे काचेच्या बरण्यांत जपून ठेवलेली आहेत. त्यांतील तीन मूत्रपिंडांचे बारीक काप काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासण्यात आले आणि त्याचा वृत्तांत १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गुच्छांना ब्राइट यांनी कधी पाहिले नव्हते, ते त्या कापांमध्ये अजून ओळखता येत होते.